मारवाडातून घोडा मागवताना: व्हिडिओ कॉलपासून तबेल्यापर्यंत

मोबाइलवर घोडं बघून थेट जोधपूर-बाडमेरकडच्या माणसाला पैसे पाठवणारे आता आपल्याकडे बऱ्याच गावांत सापडतात. काहींना फार चांगली जनावरं मिळालीत. काहींच्या दारात गाडीतून जे उतरलं, ते व्हिडिओतलं नव्हतंच. यात नशिबाचा भाग कमी असतो. पहिल्याने पैसे देण्याआधी तिथे आपला माणूस उभा केलेला असतो, दुसऱ्याने विकणाऱ्याच्याच डोळ्यांनी घोडा पाहिलेला असतो. खालचं सगळं मारवाडी घोडा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. काठियावाडी, कच्छी-सिंधी किंवा पंजाबचा नुकरा घेणाऱ्यालाही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी जवळचा बाजार बघा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते, दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो आणि येवल्याचा बाजार तर दर मंगळवारी असतो. सारंगखेड्याला राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशचे व्यापारी स्वतः जनावरं घेऊन येतात. त्यांच्या भावात गाडीभाडं आणि दलाली मिळवलेली असते हे खरं, पण प्रवासाची जोखीमही त्यांनीच उचललेली असते. घोडा हजार किलोमीटर येऊन तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे, ही काही लहान गोष्ट नाही. पहिलाच घोडा घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: इथेच घ्या.

लांबून मागवण्याला अर्थ आहे तो ठरावीक वंशावळ हवी असेल, एखाद्या नावाजलेल्या अंडिल (खच्ची न केलेल्या) घोड्यापासून गाभण राहिलेली घोडी हवी असेल, किंवा इथल्या बाजारात न मिळणारी उंची, रंग किंवा चाल हवी असेल तेव्हा. नुसतं ‘तिकडे स्वस्त मिळतं’ म्हणून जाऊ नका. डॉक्टरची फी, रक्ताच्या तपासण्या, गाडी, सोबतचा माणूस आणि मध्यस्थाचं कमिशन असा सगळा हिशेब मांडला की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

कामही आधी नक्की करा. वरातीच्या घोडीला बँड, फटाके आणि गर्दी सोसणारा स्वभाव हवा. नाचकामाच्या घोड्याचे मागचे सांधे भक्कम हवेत. रपेटीला चाल आणि खूर, पैदाशीला वंश आणि गर्भाशय. मारवाडी घोड्यातली रवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी चाल आणि आत वळून टोकाला टोक भिडणारे कान पाहून माणूस भुलतो, पण कान काही ओझं वाहत नाहीत. आणि नुसता काटक, डोंगराळ वाटांना सरावलेला घोडा हवा असेल तर आपल्या भीमथडीचाही विचार करा. धनगरांच्या तांड्यांनी सांभाळलेल्या या घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे.

पहिला फोन

पहिल्या फोनवर भाव विचारू नका. घोडा किती दिवसांपासून या माणसाकडे आहे, त्याआधी कोणाकडे होता, आणि तो का विकतोय, हे विचारा. पैदास करणारा मालक आणि आठवड्यापूर्वी जत्रेतून उचललेला व्यापारी यांची उत्तरं लगेच वेगळी कळतात. मालकाला शिंगराची आई आठवते. व्यापारी ‘माल एक नंबर’ म्हणतो. व्यापाऱ्याकडून घेऊच नये असं नाही, पण त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा ठेवू नका आणि त्या मानाने तपासणी कडक करा.

मग कागद मागा. नोंदणी झालेल्या मारवाडी घोड्याचा पासपोर्ट असतो, त्यात अंगावरच्या खुणांची आकृती असते. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा क्रमांकही मिळतो. ‘पेपर आहेत, नंतर पाठवतो’ म्हणजे पेपर नाहीत असं धरून चाला आणि वंशावळीचे वेगळे पैसे मोजू नका. बाप कोण हे तोंडी सांगायला कोणाचं काय जातं?

व्हिडिओ कसा मागवायचा

संगीत लावलेला, कापून जोडलेला व्हिडिओ कामाचा नाही. थेट कॉल हवा, तोही दिवसाच्या उजेडात आणि कॅमेरा तुमच्या सांगण्याप्रमाणे फिरवणारा. आदल्या दिवशी वेळ ठरवू नका. सकाळी फोन करून ‘अर्ध्या तासात दाखवता का’ म्हणा. तयारी करायला वेळ मिळाला नाही की घोडा जसा आहे तसा दिसतो.

सुरुवात तबेल्यातून करा. घोडा बांधलेला असताना काय करतो? जागेवर डावी-उजवीकडे डोलत राहणं, लाकडात दात रोवून हवा गिळणं या सवयी एकदा जडल्या की सहसा सुटत नाहीत. गळ्यात कारण नसताना घट्ट पट्टा दिसला किंवा पुढचे दात कडेला झिजलेले दिसले, तर हवा गिळण्याबद्दल स्पष्ट विचारा.

मग घोडा बाहेर कठीण जमिनीवर आणायला सांगा. वाळू नको, सिमेंट किंवा डांबर हवं. खोगीर नको, वर माणूस नको, दोरी सैल हवी. आधी सरळ चालत नेऊन परत आणायचा, मग दुडकीत. कॅमेरा एकदा समोरून, एकदा मागून, एकदा बाजूने. नजर डोक्यावर ठेवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली टाकतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचं पुठ्ठं दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतं. दोरी आखडून धरली की हे सगळं झाकलं जातं. म्हणून पकडणारा तोंडाशी घट्ट धरून पळत असेल तर ‘ढील दो’ म्हणायला लाजू नका. शेवटी लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना फिरवायचा आणि चार पावलं मागे सारायचा.

उंची इंचात सांगतात, ‘बासष्टची आहे’, ‘चौसष्टचा घोडा’. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत सरळ उभी काठी लावून मोजलेली तीच खरी उंची. टेप खांद्याच्या गोलाईवरून खाली सोडला की इंच-दोन इंच फुकटात वाढतात. पुढचे पाय उंचवट्यावर ठेवणं ही जुनीच युक्ती. काठी, सपाट फरशी आणि चारही खूर एका फ्रेममध्ये दिसले पाहिजेत.

दात जवळून दाखवायला सांगा. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कोपऱ्याचे, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर खालच्या दातांवरचे खड्डे बघायचे: मधल्या जोडीचे सहाच्या, शेजारच्या जोडीचे सातच्या आणि कोपऱ्यातले आठच्या सुमारास झिजून जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी उभी खाच दिसू लागते. पंधराला ती अर्ध्यावर येते, विसाला टोकाला पोचते. खड्डे कोरून, काळे करून वय लपवणारे पूर्वीपासून आहेत. खाच मात्र सहजी लपत नाही. तरी आठच्या पुढचं वय अंदाजानेच सांगता येतं, त्यामुळे ‘नऊ की अकरा’ यावर वाद घालत बसू नका.

रंग, भोवरे आणि त्यांची किंमत

नुकरा म्हणून सब्जा गळ्यात मारणं हा लांबच्या सौद्यातला नेहमीचा प्रकार. नुकरा जन्मतःच पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. सब्जा गडद जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, पण कातडी काळीच राहते. ओल्या फडक्याने नाकाचा शेंडा, डोळ्यांच्या कडा आणि शेपटीखालची जागा पुसून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. पंचकल्याणीच्या (चार पाय आणि तोंडावर पांढरं असलेल्या घोड्याच्या) पांढऱ्या पायांनाही हीच कसोटी. खऱ्या पांढऱ्या पट्ट्याखाली कातडी गुलाबी दिसते, औषधाने उडवलेल्या रंगाखाली ती काळी राहते. काळ्या घोड्याला कलप लावलेला असेल तर आयाळीच्या मुळाशी आणि खुरांच्या वरच्या कडेला रंग फुटलेला दिसतो.

भोवऱ्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. गळ्याखालचा देवमण असला की भाव चढतो, डोळ्याखाली ‘आंसूढाळ’ असला की पडतो. घोड्याच्या तब्येतीशी किंवा स्वभावाशी याचा काही संबंध नाही. तुमची श्रद्धा नसली तरी पुढे विकायची वेळ आली की समोरचा भोवरे बघणारच, म्हणून अंगावरचे सगळे भोवरे विचारून घ्या. श्रद्धा नसलेल्याला एक फायदाही आहे: केवळ भोवऱ्यामुळे मागे पडलेलं निरोगी जनावर रपेटीसाठी कमी भावात मिळून जातं.

आपला डॉक्टर, आपला माणूस

‘दुरून डोंगर साजरे’ हे घोड्याच्या बाबतीत शब्दशः खरं. व्हिडिओवरून घोडा नाकारता येतो, पसंत करता येत नाही. पसंतीसाठी पशुवैद्य लागतो आणि तो विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्या गावचा डॉक्टर कितीही सज्जन असला, तरी वर्षभर त्याची फी विकणाराच देतो. शेजारच्या जिल्ह्यातला, घोड्यांचं काम करणारा डॉक्टर शोधा आणि फी तुम्ही थेट त्याला द्या. शक्य असेल तर स्वतः जा. ते जमत नसेल तर घोडं कळणारा मित्र पाठवा. दलाल पाठवू नका, कारण त्याची दलाली सौदा झाला तरच मिळते.

डॉक्टरला काय तपासायचं ते लेखी कळवा. हृदय आणि फुप्फुसं, विश्रांतीत आणि पळवून आणल्यावरही. दोन्ही डोळे अंधारात बॅटरीने. सांधे दुमडून धरून लगेच दुडकी. खूर उचलून, साफ करून, तळवा दाबून. घोडी गाभण म्हणून विकली जात असेल तर सोनोग्राफी किंवा हात घालून तपासणी. घोडीचा गर्भकाळ साधारण 11 महिन्यांचा, तेव्हा लावल्याची तारीख आणि डॉक्टरचा अंदाज जुळतो का ते बघा. खात असूनही वाळत चाललेलं, अधूनमधून ताप येणारं, पोटाखाली आणि पायांवर सूज असलेलं जनावर दिसलं तर सर्रा तपासायलाच हवा. रक्तातल्या परजीवीमुळे होणारा हा रोग चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो.

आणि ग्लँडर्स. यात तडजोड नाही. हा जिवाणूचा रोग माणसालाही होतो, यावर लस नाही, आणि चाचणीत घोडा बाधित ठरला की कायद्याप्रमाणे त्याला मारावं लागतं. त्यापोटी मिळणारी सरकारी भरपाई चांगल्या घोड्याच्या भावाच्या जवळपासही जात नाही. एखाद्या भागात रोगी जनावर सापडलं की तिथून घोड्यांची ने-आण थांबवली जाते, म्हणजे पैसे देऊन ठेवले आणि घोडा तिकडेच अडकला असंही होऊ शकतं. देशात या कामाची मुख्य संस्था म्हणजे हरियाणातल्या हिस्सारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. रक्ताचा नमुना तुमच्या डॉक्टरने स्वतः काढून सरकारी पशुसंवर्धन खात्यामार्फत मान्य प्रयोगशाळेत पाठवायचा. अहवालावर घोड्याचा रंग, खुणा, वय आणि चिप क्रमांक हवा. नुसतं ‘एक घोडी, निगेटिव्ह’ लिहिलेला कागद कुठल्याही घोडीला चालतो, म्हणजे कोणत्याच घोडीचा नसतो. त्याच वेळी घोड्यातल्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची कॉगिन्स चाचणीही करून घ्या.

एक कुपी जास्तीची काढून डॉक्टरकडे गोठवून ठेवायला सांगा. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक देऊन लंगडेपण झाकता येतं आणि गुंगीचं औषध देऊन तापट घोडा गरीब दाखवता येतो. औषध उतरल्यावर घरी वेगळाच घोडा निघाला, तर ती कुपी हा तुमच्या हातातला एकमेव पुरावा असतो. नमुना जपून ठेवलाय हे विकणाऱ्याला आधीच सांगितलं, तर बहुधा तो वापरायची वेळच येत नाही.

पैसे आणि कागद

इसार द्या, पण थोडा, आणि पावतीवर अट लिहून: डॉक्टरच्या तपासणीत किंवा रक्ताच्या अहवालात दोष निघाला तर इसार परत. ही अट लिहायला नाही म्हणणाऱ्याशी पुढे बोलू नका. ‘आज शाम तक दुसरी पार्टी ले जाएगी’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. नेऊ द्या. मोठी रक्कम अहवाल हातात आल्यावर, बँकेतून, विकणाऱ्याच्याच नावाच्या खात्यावर. भावाच्या, मेव्हण्याच्या किंवा गाडीवाल्याच्या खात्यावर नाही. थोडी रक्कम घोडा तुमच्या दारात उतरून ओळख पटेपर्यंत मागे ठेवता आली तर उत्तम. नावाजलेले पैदासकार याला तयार होतात असं नाही, पण विचारायला हरकत नाही.

विक्रीपत्रात घोड्याचं वर्णन, चारही बाजूंचे फोटो, वय, ठरलेली किंमत, विकणाऱ्याने सांगितलेले दोष आणि ‘वाटेत काही झालं तर नुकसान कोणाचं’ हे लिहा. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. तो वाद जुनाच आहे. अरबस्तान आणि होर्मुझकडून घोडे जहाजाने आपल्या किनाऱ्यावर यायचे तेव्हा वाटेत कितीतरी मरत. विजयनगरचा साळुव नरसिंह असे समुद्रात मेलेले घोडेही विकत घ्यायचा आणि व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवली तरी पूर्ण दाम मोजायचा, असं स्वतः घोड्यांचा व्यापार करणाऱ्या फर्नांव नुनीझ या पोर्तुगीजाने सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय. त्याला कसंही करून घोडे हवे होते आणि खजिना त्याचा होता. तुमचं तसं नसेल तर जोखीम कोणाची ते आधीच ठरवा. सरकारी विमा कंपन्यांकडे घोड्याचा विमा मिळतो, पण प्रवासातला मृत्यू त्यात येतो का ते पॉलिसी वाचून बघा.

गाडी

इथे पैसे वाचवू नका. शेळ्या-म्हशी वाहणारा ट्रक परतीच्या भाड्यात मिळतो म्हणून घोडा त्यात चढवणं म्हणजे पाय मोडायची तयारी. घोडे नेणारीच गाडी हवी: बाजूंना गादी, घसरणार नाही अशी जमीन, वर जाड पेंढा आणि चढायला उताराची फळी. नियमांत तर बारीक तपशील आहेत. मोटार वाहन नियमांप्रमाणे एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा लागते. 1978 च्या पशुवाहतूक नियमांत एका गाडीत चार ते सहाच घोडे, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटीमीटर जाडीचा बांबू, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना बिचकू नयेत म्हणून तोंडं रस्त्याच्या डाव्या बाजूला, असं सांगितलंय. तेच नियम वेगाची मर्यादा ताशी 35 किलोमीटर घालतात. कोणता ड्रायव्हर महामार्गावर ती पाळतो ते मला अजून कळायचंय, पण वळणं आणि ब्रेक यांबद्दल त्याला निघण्याआधीच बजावून ठेवा.

निघताना सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला, ग्लँडर्सचा अहवाल, विक्रीपत्र आणि पासपोर्ट यांच्या प्रती गाडीत हव्यात. मूळ कागद मागे किंवा तुमच्याकडे. जनावरांची गाडी नाक्यावर थांबवतातच, आणि कागद नसले की घोडा तासन्‌तास उन्हात उभा राहतो.

एप्रिल ते जून टाळा, भर पावसातही नको. शेवटच्या महिन्यांतली गाभण घोडी मुळीच हलवू नका. सोबत घोडा जाणणारा मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) हवा, ड्रायव्हर एकटा नको. डोकं आखडून वर बांधलेला घोडा तासन्‌तास उभा राहिला की नाका-घशातली घाण खाली निचरत नाही आणि फुप्फुसात संसर्ग होतो. लांबच्या प्रवासातलं हे सगळ्यात मोठं आजारपण आहे आणि टाळायला सगळ्यात सोपं. दोरी इतकी लांब ठेवायची की मान खाली घेता येईल. दर चार-पाच तासांनी गाडी सावलीत थांबवायची, पाणी दाखवायचं आणि डोकं खाली ठेवून गवत खाऊ द्यायचं. वाटेत चंदी (दाण्याचा खुराक) नको, फक्त ओलसर गवत. घरचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं तर बरं, कारण पाण्याचा वास बदलला की काही घोडे पितच नाहीत आणि मग पोटशूळ ठरलेला. मारवाडापासून नाशिक-पुण्यापर्यंत हजार किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. मध्ये एक रात्र उतरवून मुक्काम करता आला तर करा.

निघण्याआधी विकणाऱ्याकडून घोड्याचा रोजचा लगाम आणि दोन-तीन दिवसांची चंदी मागून घ्या. तोंडाला ओळखीचा लगाम असला की नव्या जागी घोडा लवकर स्थिरावतो. तिकडचे सांभाळणारे त्याला कोणत्या आवाजाने बोलावतात, थांबवतात, तेही फोनवर रेकॉर्ड करून घ्या.

दारात उतरल्यावर

आधी ओळख पटवा. फोटो, भोवरे, पायांचे पट्टे, चिप. गाडीवाला घाईत असतो, त्याला थांबवा. पायावर जखम, सूज दिसली तर त्याच्यासमोर फोटो काढा.

मग पाणी, गवत आणि शांतता. पाहुणे, हार-तुरे, फटाके दुसऱ्या आठवड्यात. पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. निरोगी घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस, विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16. ताप 38.5 च्या वर गेला, खोकला आला किंवा खाणं सुटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. लीद पडतेय का यावर लक्ष ठेवा. चोवीस तासांत नीट लीद नाही, घोडा वळून पोटाकडे बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, म्हणजे पोट दुखतंय.

तुमच्याकडे आधीचे घोडे असतील तर नव्याला तीन आठवडे वेगळा ठेवा. वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. धनुर्वाताच्या लसीची नोंद नसेल तर ती झालेलीच नाही असं धरून डॉक्टरला विचारा.

खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. वाळवंटातलं कोरडं गवत खाल्लेल्या पोटाला एकदम हिरवा मका आणि लसूणघास सोसत नाही. आणलेली तिकडची चंदी इथल्यात मिसळत न्या. खुरांचं मात्र पहिल्या पावसाळ्यापर्यंत कळत नाही. वाळूत वाढलेला खूर आपल्याकडच्या चिखलात आणि ओल्या तबेल्यात मऊ पडतो, तळव्यातून काळं, घाण वासाचं पाणी येऊ लागतं. कोकणात किंवा मावळात घोडा नेणाऱ्यांनी मृगाच्या आधीच तबेल्याची जमीन उंच आणि कोरडी करून घ्यावी, रोज खूर साफ करावेत आणि नालबंदाची फेरी पाच-सहा आठवड्यांच्या पुढे जाऊ देऊ नये.

खोगीर दहा दिवसांनंतर, ताप-खोकला काही नसेल तरच. आधी दोरीवर चालवा, मग माणूस, मग दुडकी. तीन आठवडे झाले की नव्या-जुन्यांना एकत्र बांधण्याआधी ग्लँडर्सची तपासणी पुन्हा एकदा करून घ्या.